आई म्हणाली, पुसून टाक

मे महिन्यात आमच्या गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की मी आधी आईकडे बघतो. ती उठत नाही. भिंतीला टेकून काहीतरी निवडत बसलेली असते आणि हॉर्न ऐकूच आला नसावा अशी बसून राहते. मग माझी बायको मंगल ड्रम ढकलत बाहेर जाते, मी पाइप घेऊन तिच्या मागे. बाहेर ऊन इतकं पांढरं असतं की डोळे बारीक करूनच पायरी उतरावी लागते. तापलेल्या रस्त्यावर पाणी सांडतं, त्याचा एक वास उठतो, आणि तो वास आला की माझ्या कानांच्या पाळ्या गरम होतात. दुसऱ्या कुणाला त्या वासानं गाव आठवत असेल, बालपण आठवत असेल. मला लाज वाटते. एका उन्हाळ्याची लाज आहे ती, आणि दर उन्हाळ्याला ती परत येते.

वाळूजच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला आमची वसाहत आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा इथं ज्वारीची धसकटं होती आणि त्यात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले होते. रेघा पुसायच्या आत घरं उभी राहिली. एक मजला, त्यावर दुसरा, त्यावर भाडेकरूंसाठी पत्र्याच्या खोल्या. कुणी कन्नडचं, कुणी सिल्लोडचं, कुणी पार परभणीकडचं. शिफ्टच्या बसा गल्लीच्या तोंडाशी थांबायच्या आणि निळ्या कपड्यातली माणसं झोपेतच चढल्यासारखी चढायची. पलीकडून शहर वाढत वाढत आमच्याकडे येत होतं. तेव्हा आम्ही त्याला औरंगाबाद म्हणायचो. शहर आलं, रस्ता आला, दिव्याचे खांब आले. पाणी तेवढं टँकरनं यायचं.

माझे आईवडील सोयगावच्या बाजूचे. डोंगराच्या पायथ्याशी वाडी, आणि पिढ्यान्पिढ्या मेंढरं. माझ्या लहानपणीच्या एका दुष्काळात कळप विकावा लागला आणि वडील वाळूजला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. त्यांनी घोंगडी सोडली, गणवेश घातला, आणि काही वर्षांत त्यांचं बोलणंसुद्धा हळू झालं. आईचं मात्र काही बदललं नाही. तिचा आवाज ओढ्याच्या पलीकडच्या मेंढरांना परत बोलावणारा होता. तो या दहा फुटी खोल्यांमध्ये मावायचा नाही. ती दारातून मला जेवायला हाक मारायची आणि कोपऱ्यावरची दोन अनोळखी माणसं वळून बघायची. भाजीवाल्याशी भाव करायची तेव्हा लोकांना भांडण वाटायचं. वडील गेले त्या दिवशीही ती त्याच आवाजात रडली, आणि शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या.

मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि घराच्या पुढच्या खोलीत नेट कॅफे टाकला. वसाहतीतला तो पहिलाच. प्लायवूडच्या आडोशाचे कप्पे, प्रत्येकाला पडदा, आणि एकच फोनची तार. कनेक्शन लावलं की आधी फोन फिरवल्यासारखा आवाज, मग किर्र, मग पत्र्यावर कुणी खिळा ओढतंय असं काहीतरी. आणि ते सगळं एकदम थांबलं की समजायचं, लागलं. गिऱ्हाइकं तेवढा वेळ श्वास धरून बसायची. फोटो वरून खाली उघडायचा. आधी आभाळ दिसायचं, मग केस, मग कपाळ. डोळे यायच्या आत लाइट गेली तर परत आभाळापासून सुरुवात. एका वेल्डरचा भाऊ आखातात होता. त्याचा फोटो बघायला तो सलग तीन संध्याकाळी आला, आणि तिसऱ्या संध्याकाळी हनुवटीपर्यंत फोटो आल्यावर म्हणाला, "बास, एवढाबी पुरे. जिता हाय." बारावीच्या निकालाला तर रांग रस्त्यापर्यंत जायची. मी आत नंबर टाकायचो, बाहेर पोरं कुणाकुणाचे हात धरून उभी असायची.

एकदा दुपारी आई आत येऊन माझ्या मागे उभी राहिली. हे नक्की काय असतं आणि कुठं असतं, असं तिनं विचारलं. मी तिला समजेल असं काही सांगायला गेलो आणि अडकलो. तीच म्हणाली, मेंढरं घेऊन फिरताना विहिरीवर दुसरे कळपवाले भेटायचे. कुठं चारा आहे, कुठं रोग आलाय, कुणाची पोर कुठं दिली, सगळं तिथं कळायचं. तसंच हे असणार. मी म्हणालो, तसंच. तेव्हापासून ती बायकांना सांगायला लागली, "मपलं पोरगं इंटरनेट चालवतं." चालवतं म्हणजे माझ्याकडे कॅफे आहे असा अर्थ नव्हता तिचा. जशी बस ड्रायव्हर चालवतो तसं मी ते चालवतो, असंच तिला वाटायचं. मी कधी दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

पुढं एका कोरड्या वर्षात आमच्या रस्त्याच्या कडेनं खोदकाम सुरू झालं. मुरूम वर येऊन पडला आणि अख्ख्या वसाहतीत आनंद पसरला, की पाइपलाइन आली. बायका कडेवरची पोरं घेऊन खड्ड्याशी उभ्या राहून बघायच्या. एकीनं मजुरांना चहा नेऊन दिला. मग एका सकाळी मोठ्या लाकडी चाकावर गुंडाळलेली काळी नळी आली, बोटाएवढी जाड. बायका त्या नळीकडे बघत राहिल्या. यातून पाणी कसं येणार, असं मला विचारायला आल्या, कारण इंटरनेट मी चालवत होतो. ही पाण्याची नाही, इंटरनेटची तार आहे, काचेची, असं मी सांगितलं. चहा दिलेली बाई कप परत न्यायला थांबली नाही. मी मात्र आतून खूश होतो, कारण आता फोटो एका झटक्यात उघडणार होते. तहानलेल्या गल्लीत माझ्या दारापर्यंत आधी ती तार आली, हे आठवलं की अजूनही कसंतरी होतं.

त्या वेगाची मौज फार टिकली नाही. काही वर्षांतच प्रत्येकाच्या खिशात फोन आला, मग फोनमध्ये नेट आलं, मग ते इतकं स्वस्त झालं की गल्लीच्या टोकाचा पंक्चरवालासुद्धा टायरवर बसून सिनेमे बघू लागला. माझे कप्पे रिकामे पडले. मी पडदे काढले, प्लायवूड विकलं, झेरॉक्सचं मशीन घेतलं आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला लागलो. आई बायकांना तरीही तेच सांगायची.

तो उन्हाळा याच्यानंतरचा. पावसानं लागोपाठ दगा दिला होता. धरणाच्या तळातलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि शहरातले लोक गाड्या घेऊन ते बघायला, त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायला जात होते. आमच्याकडे टँकर कधी सकाळी यायचा, कधी दुपारी, कधी यायचाच नाही. ड्रम पहाटेपासून रांगेत असायचे. निळे, काळे, रंगाचे रिकामे डबे, प्रत्येकावर ऑइलपेंटनं नाव. माणसं सावलीत आणि ड्रम उन्हात, असे उभे.

आमच्या दोन घरं पलीकडे एका भाड्याच्या खोलीत सुरेखा राहायची. नवरा कैलास एका कारखान्यात मशीनवर होता. तिचं सासर देवगाव रंगारीचं, शेतीवालं घर. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ती कमी बोलायची, पण आईपाशी यायची. रविवारी दुपारी आई तिच्या डोक्याला तेल लावायची. आमच्या मागच्या पायरीवर सुरेखा खाली, आई वरच्या पायरीवर, आणि तो एकच वेळ असा की आईचा आवाज आत खोलीपर्यंत ऐकू यायचा नाही. कोणत्या डॉक्टरकडे गेलो, काय तपासण्या केल्या, सासू फोनवर काय विचारते, हे सगळं सुरेखानं तिथं सांगितलेलं. आईनं ते आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी जे झालं तेव्हा मी तिथं नव्हतो, झेरॉक्सचे कागद आणायला शहरात गेलो होतो. मंगलनं मला एक सांगितलं, शेजाऱ्यांनी दुसरं, आणि व्हिडिओत तिसरंच दिसतं. एवढं नक्की की टँकर दोन दिवसांनी आला होता. आईचा ड्रम पहाटेपासून पुढं होता. कैलासला दुसऱ्या पाळीला जायचं होतं आणि घरात प्यायलाही पाणी नव्हतं, म्हणून सुरेखानं आपला ड्रम मध्ये सरकवला. आईनं पाइप ओढला. सुरेखानंही धरून ठेवला. टँकरवाला वरून म्हणत होता, "अम्मा, सबकू मिलेगा, कायकू लड़ रै." पाणी दोघींच्या पायांवर, मातीत चाललं होतं. ते वाया जाणारं पाणी बघून आईचं भान सुटलं. तिनं आधी मेंढरांना घालायची हाक दिली, ती लांबलचक, घशातून वर चढत जाणारी. आणि त्या हाकेला जोडून सुरेखाला एक शब्द मारला. मूल न झालेल्या बाईला आपल्याकडे जो शब्द मारतात, तो.

सुरेखानं पाइप सोडून दिला. ड्रम तिथंच ठेवून ती घरात गेली.

समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून एका कॉलेजच्या पोरानं हे काढलं होतं.

संध्याकाळपर्यंत घरात सगळं शांत होतं. आई न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी दुकानात एक नवखं गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलं. मशीन गरम होईपर्यंत त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "भाऊ, हे बघितलं का? काय आवाज हाय म्हातारीचा." त्यात आई होती. पदर कमरेला खोचलेला, ओले पाय, तोंड उघडं. ती हाक कुणीतरी दोनदा, तीनदा पुढंमागं करून वाजवली होती आणि खाली ढोलकी लावली होती. वर हसणारे चेहरे. माणूस हसत माझ्याकडे बघत होता, मीही हसेन म्हणून. मी त्याला कागद दिले, पैसे घेतले. ही माझी आई आहे, असं म्हणायला तोंड उघडलंच नाही. तो गेल्यावर शटर अर्धं ओढून मी आत बसलो.

त्या आठवड्यात तो व्हिडिओ शहरभर फिरला. मंगलच्या भावानं पाठवला. माझ्या शाळेच्या ग्रुपवर आला. कंपनीच्या बसमध्ये पोरं ती हाक मारून एकमेकांना बोलवायला लागली. कुणाच्या तरी फोनची रिंगटोनच ती झाली होती, आणि भर बाजारात ती वाजली की मी मान खाली घालून चालायचो. मला लाज वाटत होती ती या सगळ्याची. आईच्या खोचलेल्या पदराची, तिच्या आवाजाची, आपण कुठून आलो हे गावभर झाल्याची. त्या हाकेच्या पाठीमागं एक शब्द आहे आणि तो कुणाच्या तरी काळजात गेलाय, हे मी शंभर वेळा ऐकूनही ऐकलं नव्हतं.

आईला कळायला वेळ लागला. तिच्याकडे फोन नव्हता. पाण्याच्या रांगेत कुणीतरी तिला दाखवला. ती घरी आली आणि सरळ दुकानात माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं, लोक हसतायत म्हणून रडेल. ती म्हणाली, "ते पुसून टाक."

मी म्हणालो, तसं पुसता येत नाही.

"इंटरनेट तू चालवतो ना? लोक हसू दे मला. त्यातला तेवढा शब्द पुस. पोरीच्या सासरी गेला तर तिचं काय व्हईल?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आम्ही दोघं एकाच व्हिडिओची लाज धरून बसलो होतो, पण दोघांची लाज वेगळी होती. तिला लोकांनी बघितल्याचं काही वाटत नव्हतं. तिला आपण बोललो त्याचं वाटत होतं.

जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. त्या गॅलरीतल्या पोराकडे गेलो. पोरगं वाईट नव्हतं. घाबरलं, सॉरी म्हणालं, माझ्यासमोर पुसून टाकलं. पण तोवर तो व्हिडिओ त्याचा राहिलाच नव्हता. ज्या ज्या ठिकाणी दिसला तिथं मी तक्रार टाकली. एका ठिकाणाहून इंग्रजीत उत्तर आलं की यात नियमाबाहेरचं काही आढळलं नाही. त्यांना मराठी कळत असेल असं मला वाटत नाही. एका ठिकाणी काढून टाकला, तर दुसऱ्या दिवशी तोच, उलटा करून, आई डावीकडून उजवीकडे गेलेली. मी रोज आईला सांगायचो, चाललंय, करतोय. ती मान हलवायची. संगणकाचं काम वेळखाऊ असतं हे तिनं माझ्याकडूनच ऐकलेलं होतं.

त्या दिवसांत मला माझा जुना कॅफे फार आठवायचा. तेव्हाचं इंटरनेट सगळं विसरून जायचं. अर्धं पत्र लिहून झालं की लाइट जायची आणि ते पत्र जगातूनच नाहीसं व्हायचं. पोरं खोट्या नावानं कुणाकुणाशी तासन्‌तास गप्पा मारायची, खिडकी बंद केली की कोण होतं, काय बोललं, काही मागं उरायचं नाही. फ्लॉपीत ठेवलेलं महिन्याभरानं उघडायचं नाही. आम्ही त्याला शिव्या द्यायचो. काहीतरी असं निघावं की एकदा ठेवलं की जाणारच नाही, असं आम्हालाच वाटायचं. गल्लीतलं भांडणही तसंच होतं. सकाळी झालेलं संध्याकाळी विरायचं, कारण संध्याकाळी पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचं असायचं. माणसं माफ करायची असं नाही, पण शब्द पुसट व्हायचे. आता ते जसेच्या तसे राहतात, आणि ज्याला काही घेणंदेणं नाही त्याच्याही हातात असतात.

मग एका सकाळी सुरेखाच्या दाराला कुलूप दिसलं. कैलास डबा घेऊन एकटाच कंपनीच्या बसकडे जाताना मंगलला भेटला. त्यानं मान वर न करता सांगितलं की व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर पोचला, आणि त्याच्या आईनं सुरेखाला देवगावला बोलावून घेतलंय. किती दिवसांसाठी, असं मंगलनं विचारलं तर म्हणाला, माहीत नाही.

आईनं हे ऐकलं आणि लुगडं बदलायला घेतलं. मी तिला अडवलं. आपण जाऊन आणखी बोभाटा होईल, त्यांच्या घरचा प्रश्न आहे, त्या लोकांना राग येईल, असं बरंच काही बोललो. ती म्हणाली, "तुला पुसता येत नाय. मला जाऊन येऊ दे." त्यात टोमणा नव्हता. मला ते जमणार नाही हे तिला कळून चुकलं होतं, एवढंच. तेच बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं.

आम्ही एसटीनं गेलो. वेरूळ ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना नुसती नांगरून ठेवलेली काळी रानं, एक हिरवं पान नाही. कापसाच्या वाळक्या पळाट्या बांधावर रचलेल्या. रस्त्यानं एक कळप चालला होता, मेंढ्यांच्या बरगड्या दिसत होत्या. आईनं काच सरकवून तो दिसेनासा होईपर्यंत बघितला.

सुरेखाचं सासर गावात विचारलं तर लगेच सापडलं, आणि ते लगेच का सापडलं हे सांगणाऱ्यांच्या तोंडावरच दिसत होतं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला होता. पुढं ओटा, त्याच्या खाली अंगण. सासू ओट्यावर होती. तिनं आम्हाला ओळखलं नाही. पण आईनं तोंड उघडताच ओळखलं. आवाजावरून. शेजारच्या भिंतींवर माणसं दिसायला लागली. एका तरुणानं फोन वर धरला. मी त्याला हात करून थांबवायला गेलो तर आईनंच त्याला म्हटलं, "काढ बाबा. तवा काढलं, हेबी काढ."

मग ती अंगणातच उभी राहून बोलली. म्हणाली, "त्या व्हिडिओतली बाई मीच. तुमच्या सुनंनं मला आईसारखं मानून मनातलं सांगितलं, अन् म्या तेच हंडाभर पाण्यापायी तिच्या अंगावर फेकलं. शरम मला यायला पायजे. तिचं काय चुकलं नाय." ती ओरडली नाही. इतक्या हळू बोलली की भिंतीवरची माणसं ऐकायला पुढं वाकली.

सासू म्हणाली, बाई, झालं ते झालं, घरात या, पाणी घ्या. तेवढ्यात आतून सुरेखा उंबऱ्यात आली. ती वाळली होती. तिनं आईकडे बघितलं नाही, ओट्यावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत बोलली.

"काकू, तो शब्द मला नवा नव्हता. या घरात आले की रोज ऐकत होते. तुम्ही बोलल्या म्हणून गावाला कळला, एवढंच."

सासूनं पदर तोंडाशी घेतला. त्या फोनवाल्या पोराचा हात आपोआप खाली आला. त्यामुळं सुरेखाचं ते बोलणं कुठंच नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्याजवळच ते राहिलं.

आईनं पाणी घेतलं नाही. आम्ही परत निघालो. स्टँडवर बसची वाट बघताना ती एकदाच बोलली. "रोज ऐकत व्हती, अन् मला ते सांगितलं नाय." थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटायचं, सगळं मपल्यापाशी बोलती." मी तिच्या शेजारी बसून होतो.

त्या अंगणात आई जे बोलली त्याचा व्हिडिओ मी पुढं खूप शोधला. अजूनही कधी दुकानात गर्दी नसली की शोधतो. सापडत नाही. त्या पोरानं पुसला असेल, किंवा टाकलाही असेल आणि कुणाला पुढं पाठवावासा वाटला नसेल. कुणी हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पोळ्यानंतर कैलास जाऊन सुरेखाला घेऊन आला. पुढच्या वर्षी त्यांनी रस्त्याच्या पलीकडे खोली घेतली. सुरेखा आता एका कंपनीत पॅकिंगला जाते. सणाला तिच्याकडून डबा येतो, आमच्याकडून जातो. आईला वाटेत भेटली तर थांबते, तब्येत विचारते. रविवारी मागच्या पायरीवर तेल लावून घ्यायला मात्र ती परत कधी बसली नाही, आणि आईनंही बोलावलं नाही. तिला पुढं मूल झालं का, असं आता कुणाला विचारावंसं वाटेल. मी ते सांगणार नाही. आमच्या गल्लीनं, तिच्या गावानं आणि व्हिडिओखाली लिहिणाऱ्या कितीतरी अनोळखी लोकांनी तिला तेच विचारलेलं आहे.

आता शहराचं नाव बदललं, आमच्या वसाहतीला कमान झाली, मुख्य रस्ता रुंद झाला. नळही आले, फक्त त्यांना पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून मे महिन्यात टँकर लागतोच. आणि शहरात टँकर सुरू झाले की कुणाला तरी तो व्हिडिओ आठवतो. मग तो परत निघतो, नव्या गाण्यासकट, नव्या लोकांत.

यंदा तो माझ्या मुलीच्या फोनवर आला. ईश्वरी नववीत आहे. सुट्टीच्या दुपारी ती फोन घेऊन पलंगावर पडली होती, आधी हसली, मग उठून बसली. मी दारात पाइप गुंडाळत होतो. तिनं मला काही विचारलं नाही. ती सरळ आजीपाशी जाऊन बसली आणि फोन पुढं धरला. "आजी, ही तू आहेस?"

दुसरी कुणीतरी आहे, असं मी म्हणणार होतो. इतक्या वर्षांत आई बदलली आहे, केस पांढरे झालेत, अंग उतरलंय. पोरीला पटलंही असतं. पण आईनं फोन हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक करून बघितलं. "व्हय. मीच हाय," ती म्हणाली.

मीही मागून जाऊन बघितलं. या वेळचं गाणं भलतंच मोठं होतं. हाक तेवढी त्यातून वर येत होती, आणि तिला जोडून जो शब्द होता तिथं नेमका ढोल पडत होता. शब्द ऐकूच येत नव्हता. मी पुन्हा लक्ष देऊन ऐकलं. नाही. माझ्याच्यानं जे झालं नव्हतं ते कुण्या अनोळखी पोरानं, काही माहीत नसताना, करून टाकलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

"पण तू तिला काय म्हणालीस गं?" ईश्वरी विचारत होती. "गाण्यामुळं कळतच नाही."

मी म्हणालो, काही नाही, पाण्यावरून आपलं असंच, बायकांचं भांडण.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग फोन पोरीच्या हातात परत दिला आणि तिला आणखी जवळ ओढून बसवलं.

"पलीकडच्या सुरेखामावशीला मी वांझोटी म्हणाले," ती म्हणाली. हळू, एकेक अक्षर नीट.

ईश्वरीचा चेहरा पडला. तिनं फोन उलटा करून चटईवर ठेवला.

"मग?" तिनं विचारलं.

आणि आई सांगायला लागली.